नटांवरच्या लाल रेघा

६ मार्च, रविवार, सकाळी ११
वही नवी, विषय एकच: गाडी. आतापर्यंत जे ठरवलं ते तोंडी राहिलं, आणि या घरात तोंडी राहिलेलं कोणी ना कोणी उडवून लावतं. म्हणून लेखी.

लेकीला नोकरी लागली. डोंगरावरच्या हवामान केंद्रात. अकरा एप्रिलला हजर व्हायचं, म्हणजे दहाला सकाळी निघायचं. सोडायला मी जाणार. बालवाडीत पहिल्या दिवशी मीच सोडलं होतं. ती रडली नव्हती. मी जरासा. तर आताही मीच सोडणार, हे पक्कं.

नकाशात शेवटचे अकरा किलोमीटर तुटक रेघ आहे. तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता. आपली एसयूव्ही जुनी असली तरी हाडापेराने मजबूत. फक्त उंच करायला हवी. दोन इंचांचं लिफ्ट किट, मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर, छतावर सामानाचा रॅक. सगळं घरी, शेडमध्येच बसवणार. चौकातल्या मेकॅनिकवर माझा विश्वास नाही. मागे गाडी परत दिली तेव्हा डिकीतली छत्री गायब. तो म्हणतो छत्री नव्हतीच. ऑफिसात तेवीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय मी. एक टेबलफॅन सोडला तर काही हरवू दिलेलं नाही. मला कोणी 'नव्हतीच' शिकवू नये.

लेक म्हणाली, बाबा, नकाशा जुना आहे, रस्ता कधीच झाला. हे बोलताना आईकडे बघत होती. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ मार्च, बुधवार
पार्सलं आली. सही करण्याआधी खोकी मोजली. डिलिव्हरीवाला घाईत होता. घाई कशाची? लिफ्ट किटच्या खोक्याला चिकटपट्टी दोनदा लावलेली. आत यादीप्रमाणे सगळं होतं. म्हणजे काढून परत ठेवलं असणार.

शेजारचे रिटायर्ड फोरमन कुंपणाशी आले. म्हणाले, स्प्रिंग दाबलेली असते, उसळली तर जबडा जाईल, एकट्याने करू नका. आभारी आहे म्हटलं. चाळीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस फुकट सल्ला का देईल? डोळा आहे गाडीवर. विकणार का म्हणून पूर्वी दोनदा विचारलंय. हिच्या मते एकदाच, आणि तेही जुन्या स्कूटरबद्दल.

१३ मार्च, रविवार, दुपार
मोजमापं. शेडच्या दारावर सिमेंटची बीम आहे, तिच्याखालून गाडी निघायला हवी. मी आधी विचार करतो, मग पाना उचलतो. लोक उलटं करतात.

घरातल्या टेपचे पहिले चार इंच तुटलेले आहेत. लेक दुसरीत असताना तिने टेप दारात चिमटवली होती. तेव्हापासून घरात नियम: येईल त्या आकड्यातून चार वजा. पडदे, कपाटं, हिचा ओटा, सगळं याच टेपवर झालंय. असं असताना नवी कशाला आणायची?

गाडी: अठ्ठ्याहत्तर, वजा चार, चौऱ्याहत्तर. त्यात लिफ्टचे दोन, टायरचा एक, रॅकचे पाच. एकूण ब्याऐंशी. दार: चौऱ्याऐंशी. दोन इंच मोकळे. चोख काम.

लेक टेपचं दुसरं टोक धरून होती. म्हणाली, बाबा, चार वजा. म्हटलं, केलेत. हे वाक्य ती सातव्या वर्षापासून म्हणतेय. सवयीने म्हणते.

१५ मार्च, मंगळवार, संध्याकाळ
पुढच्या दोन्ही बाजू उंच केल्या. एकट्याने. म्हणजे लेक नेमकी फोरमनना चहाला घेऊन आली आणि ते शेडमध्ये स्टूल टाकून बसले. दोन वेळा मध्येच हात घातला. एकदा म्हणाले, हं, आता सोडा, आणि मी सोडल्यावर स्प्रिंग त्यांनी बसवली. पद्धत बघून ठेवायला आले होते, उघड आहे.

काम संपल्यावर तीन वायसर उरले. नटाखालच्या त्या गोल चकत्या. कंपनीने जादा पाठवलेत. चांगली कंपनी आहे. डबीत ठेवले.

१७ मार्च, गुरुवार
डबीत दोनच वायसर.

लेकीला विचारलं. म्हणाली, असेल कुठेतरी गाडीतच. पोरीला पाना आणि पक्कड यातला फरक कळत नाही आणि निघालीय यंत्रं सांभाळायला. काळजी वाटते.

१९ मार्च, शनिवार
एकच वायसर. तेवीस वर्षांचा अनुभव सांगतो: चोर आधी लहान वस्तू नेतो. टेबलफॅनच्या आधी स्टोअर्समधून बल्ब गेले होते.

२० मार्च, रविवार
डबी रिकामी.

आता शास्त्रीय उपाय. व्हिडिओत पाहिलं. नट पक्का आवळायचा आणि नटावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नटाला कोणी हात लावला की रेघ तुटते. साक्षीदार, पंच काही नको. घरात रंग नव्हता. हिचं लाल नेलपॉलिश वापरलं. चोवीस नट, चोवीस रेघा. बाटली होती तिथे ठेवली.

२३ मार्च, बुधवार, सकाळी ७
जे वाटत होतं तेच निघालं. चोवीसपैकी पंधरा रेघा तुटल्यात. सगळ्या उजवीकडे सरकल्यात. काही पाव फेरा, एक तर चक्क पूर्ण फेरा. एकही डावीकडे नाही. म्हणजे माणूस पद्धतशीर आहे. काहीतरी कट आहे.

ऑफिसात दिवसभर हाच विचार. शिपायाला दोनदा सही न बघता गेटपास दिला.

घरी आल्यावर हिने विचारलं, माझं नेलपॉलिश कोण संपवतंय? मी म्हटलं, घरातल्या माणसांवर असा संशय घेणं शोभत नाही. कधीकधी स्पष्ट बोलावं लागतं.

२५ मार्च, शुक्रवार
आज लवकर सुटलो. कोपऱ्यावरून पाहिलं तर लेक आणि फोरमन कुंपणाशी. ते हाताने काहीतरी फिरवून दाखवत होते, ती मान हलवत होती. मी दिसताच दोघं गप्प. फोरमन म्हणाले, हवा गरम आहे. लेकीच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं. विचारलं तर म्हणाली, छत्री. छत्रीला टॉवेल कशाला? आणि हवा गरम आहे तर छत्री कशाला?

या घराला छत्र्या लाभत नाहीत.

तर्क: फोरमनना गाडी हवी. त्यासाठी गाडी नादुरुस्त व्हायला हवी. त्यासाठी घरातलं माणूस फितवायला हवं. पण लेक फितेल असं वाटत नाही. तिला वाटत असेल की म्हाताऱ्याला कंपनी देतेय. भाबडी आहे. माझ्यावर गेलीय.

२७ मार्च, रविवार
टायर बसले. बंपर बसला, जरा तिरका आहे, पण तिरका नुसता बघणाऱ्याला दिसतो, गाडीला काय त्याचं. छतावर रॅक चढवला. खास चोरीरोधक बोल्ट मागवले होते. त्यांचं डोकं फुलासारखं असतं, साध्या पान्याने उघडत नाहीत. एकच किल्ली, बोटाएवढी. ती हरवली तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही, असं खोक्यावर ठळक छापलंय. म्हणूनच घेतले.

किल्ली लपवली आहे. कुठे ते इथे लिहीत नाही. ही वहीसुद्धा कोणी वाचत असेल तर? इतकंच नोंदवतो की जागा म्हणून अशी वस्तू निवडली आहे, जी गेली सात-आठ वर्षं या घरात कोणी उघडलेली नाही आणि कोणी उघडणार नाही. मला मात्र झोपेतही आठवेल.

३० मार्च, बुधवार
सापळा. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी सांगितलं नाही. दुपारी दोनला मागच्या फाटकाने शेडमध्ये शिरलो आणि जुन्या टायरांच्या ढिगामागे बसलो. वही, पेन, बॅटरी सोबत.

२.१० : शांतता.
२.२५ : मांजर आलं. माझ्याकडे बघून गेलं.
२.४० : शांतता.

५.१५ : मध्ये थोडा वेळ डोळे मिटून विचार करत होतो. उघडले तर माझ्या नाकासमोरच्या चाकावरच्या सहाही रेघा उजवीकडे सरकलेल्या. चोर इतका निर्ढावलेला की माझ्या डोक्याखाली उशी ठेवून गेला.

उशी आमच्याच घरातली. म्हणजे घरचा भेदी.

३१ मार्च, गुरुवार
हिला उशीबद्दल विचारलं. म्हणाली, मान आखडली असती तर शेकायला मलाच बसावं लागलं असतं ना. पण तू ठेवलीस का, याला सरळ उत्तर नाही. म्हणाली, ज्याने कोणी ठेवली त्याला तुमची काळजी असेल. साक्षीदार उलटला.

२ एप्रिल, शनिवार
फोरमनचा आज तिसऱ्यांदा प्रश्न: एकदा बाहेर काढून बघितलीत का? नाही. का काढू? यांना डोळे भरून बघता यावी म्हणून? म्हटलं, दहा तारखेला सकाळी सहाला बघा. ते दाराच्या बीमकडे बघत राहिले. मग म्हणाले, टेप आहे का घरात? म्हटलं, आमचं मोजून झालंय. आता यांना टेपही हवी.

नटांना रोज नवी रेघ ओढतो. गेले दोन दिवस हलत नाहीत. जरब बसली असावी.

८ एप्रिल, शुक्रवार
लेकीची बांधाबांध. खोलीचं दार लावून. आत जायला लागलो तर म्हणाली, बाबा, आत्ता नको. काय लपवतेय? हिला विचारलं. ही म्हणाली, अहो, ती लहानपणचं सामान काढून बसलीय, काय न्यायचं, काय टाकायचं ते बघतेय, बसू द्या तिला.

शेडमध्ये जाऊन गाडी पुसली. ड्रायव्हरच्या बाजूची काच, मग तिच्या बाजूची. तिची दोनदा पुसली. दोघंच जाणार आहोत. सहा तासांचा रस्ता. काय बोलायचं त्याचे मुद्दे काढून ठेवलेत, कागद वरच्या खिशात आहे. मुद्दा पहिला: वाऱ्यात बाहेर जाताना कान बांधत जा. मुद्दा दुसरा अजून सुचलेला नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, एक चक्कर मारून बघू या का? म्हटलं, परवा सकाळी एकदाच. प्रत्येक गोष्टीची आधी नक्कल कशाला?

९ एप्रिल, शनिवार
सगळं तयार. रेघा सरळ. उद्या सहाला प्रस्थान. तिला दुपारी तीन वाजेपर्यंत पोहोचायचंय, त्यानंतर तिथला केअरटेकर खोलीची चावी घेऊन गावी जातो. सहाला निघालो म्हणजे बाराला तिथे. तीन तास हातात.

१० एप्रिल, रविवार
६.०५ : सामान रॅकवर बांधायचं होतं, म्हटलं आधी गाडी बाहेर घेऊ. रिव्हर्स टाकला. रॅक बीमला टेकला. मोठा आवाज झाला नाही, पण झाला.

६.२० : पुन्हा हळू घेतली. पुन्हा टेकला. दोन इंच मोकळे आहेत. तरी टेकतो. बीम खाली आली असणार. इमारती खचतात.

६.४० : फोरमन स्वतःची टेप घेऊन आले. दार ऐंशी इंच. म्हटलं, तुमची टेप चुकीची आहे. हिने आमची टेप आणून माझ्या हातात दिली. चारपासून सुरू होणारी टेप. गाडीतून चार वजा केले होते. दारातून नाही.

७.०५ : फोरमन म्हणाले, टायरमधली हवा काढा. काढली. दीड इंच उतरली. अजून अर्धा हवा. मग म्हणाले, रॅकच काढू या, दहा मिनिटांचं काम, बोल्ट उघडा. बरोबरच होतं त्यांचं. किल्ली आणायला गेलो.

७.५० : किल्लीची जागा आठवत नाही.

८.३० : घड्याळामागे, धान्याच्या डब्यात, देव्हाऱ्याखाली, बुटांत, जुन्या रेडिओत नाही. सात-आठ वर्षं न उघडलेली वस्तू असं इथे लिहिलंय. चार वेळा वाचलं. अशा वस्तू या घरात शंभर निघाल्या. फोरमननी छिन्नीने एक बोल्ट उघडून पाहिला. छिन्नी वाकली. बोल्ट खरंच चांगले आहेत.

८.४५ : लेक घड्याळ बघतेय, मला दिसणार नाही अशा बेताने.

९.०० : गेल्या.
हिच्या छोट्या गाडीतून. ती गाडी ही माझ्या हातात देत नाही. मागे गादी, बॅगा, पुस्तकांचं खोकं. पुढे दोघी. मी कुठे बसणार? गादी ठेवून जाऊ या म्हणाली लेक. म्हटलं, जमिनीवर झोपणार आहेस का तू? निघा, केअरटेकर जाईल.

काचेतून हात बाहेर काढून म्हणाली, बाबा, नट बघत जा मधून मधून. मी म्हटलं, तू तुझं बघ. हे असं तोंडातून का गेलं माहीत नाही. कानाचंही सांगायचं राहिलं. कागद खिशातच होता.

संध्याकाळी ७
हिचा फोन. वेळेत पोचल्या. आज तिथेच राहतेय. रस्ता केंद्राच्या फाटकापर्यंत गुळगुळीत डांबरी. मधोमध पांढरी रेघसुद्धा आखलीय. कशी रेघ, विचारलं. तुटक, म्हणाली. म्हणजे तुटक रेघ होतीच.

जेवलो नाही.

१३ एप्रिल, बुधवार
रेघा तपासल्या. चोवीसपैकी चोवीस सरळ.

१५ एप्रिल, शुक्रवार
सरळ. चोराने धास्ती घेतलेली दिसते.

१७ एप्रिल, रविवार, दुपार
फोरमन आले. म्हणाले, घाई नाही, पण लेकीकडे माझा टॉर्क पाना राहिलाय, तेवढा सापडला तर बघा. टॉर्क पाना म्हणजे नट नेमका किती आवळायचा ते सांगणारा, हातभर लांब पाना. म्हटलं, तिच्याकडे कसा असेल? म्हणाले, तुम्ही ऑफिसला गेलात की ती यायची. तुमचे राहिलेले तीन वायसर कुठे जातात ते विचारून गेली, स्वतः उघडून बसवले तिने. नंतर रोज नट तपासायची. मी म्हटलं होतं तिला, वडलांना सरळ सांग की ढिले राहतात. तर म्हणाली, काका, तो माझ्यासाठी करतोय, त्याला करू दे, मी फक्त आवळते.

तिच्या कपाटात पाना सापडला. टॉवेलात गुंडाळलेला. सोबत एक कागद, चोवीस नटांची यादी, प्रत्येकापुढे तारीख आणि कितपत ढिला होता ते. अक्षर माझ्यासारखं, नोंदी माझ्याहून चोख. तीस मार्चपुढे लिहिलंय: मागचं उजवं चाक, सहाही आवळले. बाबा झोपलाय.

उजवीकडे फिरवला की नट आवळतो. हे मला माहीत आहे. कोणालाही माहीत असतं.

पाना परत केला. फोरमनना चहा दिला, मी केलेला. त्यांनी पूर्ण प्यायला. ते गेल्यावर शेडमध्ये बसून रडलो. वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

१८ एप्रिल, सोमवार
फोरमनना गाडी नको आहे. विचारून घेतलं. खात्रीसाठी दोनदा.

२४ एप्रिल, रविवार, सकाळी १०
लेकीचा फोन. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र परवा तिनेच उघडून दुरुस्त केलं. मी काही आश्चर्य दाखवलं नाही. मग म्हणाली, बाबा, मी माझी शाळेतली कंपासपेटी आणलीय बरोबर, आठवण म्हणून. आज उघडली. कर्कटकाशेजारी बोटाएवढी किल्ली आहे, फुलासारख्या तोंडाची. तुझी का?

ऐकताक्षणी सगळं आठवलं. मी आधीच म्हटलं होतं, जागा चांगली आहे.

उद्याच कुरिअरने पाठवते म्हणाली. ही बाजूलाच होती, तिचं म्हणणं, मागवा आणि एकदाचं ते धूड बाहेर काढा. मी नाही म्हटलं. कुरिअरवाल्यांचा भरवसा नाही. मागच्या खोक्याला चिकटपट्टी दोनदा लावलेली होती, ते लेखी आहे माझ्याकडे. एवढी मोलाची वस्तू परक्याच्या हातात द्यायची नाही. स्वतः घेऊन ये म्हटलं. ती म्हणाली, सुट्टी जूनशिवाय नाही. म्हटलं, चालेल, गाडी कुठे पळून जातेय.

मग मी कान बांधायचं सांगितलं. बांधते म्हणाली.

हिने शेडमधल्या फळीवर नेलपॉलिशची नवी बाटली आणून ठेवली आहे. मागच्या डाव्या चाकाचा एक नट मी पाव फेरा ढिला केला, आणि त्यावरून खालपर्यंत नवी रेघ ओढली. सापळा आहे. जूनपर्यंत थांबायची तयारी आहे.